लाल तारखेचा माणूस



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींचं घर आणि आमची पोलीस लाइन यांच्यामध्ये फक्त एक गटार होतं. संध्याकाळी ते ओट्यावर लाइनीतल्या पोरांना गणित शिकवत. फी नव्हती. अट एकच होती, ‘ज्याच्या वडिलांना रात्रपाळी असेल त्याने आधी सांगायचं.’ रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो. खोली एकच. मग त्याच्या पोरांनी पाढे म्हणायचे कुठे? अशा पोरांना गुरुजी दुपारीही ओट्यावर बसू देत आणि हवं तेवढं ओरडून पाढे म्हणू देत. ‘पोलीस कल्याण’ हे शब्द मी पुढे पुष्कळ शासकीय कागदांवर वाचले. त्यांचा अर्थ मला आधीच, त्या ओट्यावर कळला होता. म्हणून आजचा विषय मी हाच घेतला.

मी एका हवालदाराची मुलगी. १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघालं आणि दोन-तीन वर्षांत आमच्याही दारामागच्या खिळ्यावर आलं. आई त्यावर दुधाचा हिशेब मांडायची आणि त्याच चौकोनात, कोपऱ्यात, बारीक अक्षरात ‘बं’ लिहायची. ‘बं’ म्हणजे बंदोबस्त. लाल तारीख म्हणजे इतरांची सुट्टी. आमच्याकडे लाल तारीख म्हणजे अण्णा, माझे वडील, घरी नाहीत. गणेश चतुर्थी, अनंत चतुर्दशी, मोहरम, दसरा, शिवजयंती, सगळीकडे ‘बं’. काळ्या तारखांतही तो होताच: मतदान, मतमोजणी, आषाढीची वारी, मंत्र्यांचा दौरा. शाळेत ‘मी साजरी केलेली दिवाळी’ असा निबंध आला की लाइनीतली आम्ही पोरं सरळ दुसऱ्याच घरची दिवाळी लिहायचो. त्यात वडील अभ्यंगस्नान करून फराळाला बसलेले असत.

पोलिसांच्या कल्याणावर बोलायचं म्हटलं की घरांचा प्रश्न, आजारपणाचा प्रश्न, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न, अशी यादी निघते. ती खरीच आहे. पण त्या यादीतलं प्रत्येक दुखणं मला एकाच मुळाशी जाताना दिसतं. ते मूळ म्हणजे पोलिसाचा वेळ. तो त्याचा नाही.

आणि ही गोष्ट कायद्यातच लिहिलेली आहे. १८५७ चा धुरळा खाली बसल्यावर इंग्रजांनी १८६१ साली पोलीस कायदा केला. त्याच्या बाविसाव्या कलमाने सांगितलं की पोलीस अधिकारी हा नेहमीच कर्तव्यावर आहे असं समजलं जाईल. इंग्रज गेले. १९५१ साली आपण मुंबई पोलीस कायदा केला, आज तो महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात हीच तरतूद पुन्हा आली. संकटाच्या वेळी पोलिसाने ‘माझी पाळी संपली’ म्हणू नये, एवढाच तिचा हेतू धरला तर ती योग्यही आहे. रस्त्यात कुणी सुरा काढला तर साध्या कपड्यातल्या पोलिसानेही पुढे व्हायला हवं. पण व्यवहारात या कलमाचा अर्थ फार सैल झाला. ‘गरज पडली तर कधीही’ असं म्हणता म्हणता गरज नसतानाही त्याला उभं ठेवायची सवय लागली.

पोलीस ठाण्यातल्या शिपायाचा दिवस कसा जातो ते बघा. सकाळी हजेरी. हजेरी मेजर ड्यूट्या वाटतो: हा ठाणे अंमलदाराच्या मदतीला, हा बीटवर, हा आरोपी घेऊन कोर्टात, हा समन्स बजावायला. कोर्टात नंबर लागेपर्यंत चार वाजतात. परत येऊन कागद पुरे करायचे. निघताना वायरलेसवर निरोप: उद्या मोर्चा आहे, सुट्ट्या बंद, पहाटे पाचला हजर. घरी जायला तास, पहाटे यायला तास. मधे राहिलेल्या वेळात जेवायचं, झोपायचं, बायकोशी बोलायचं आणि पोराची वही बघायची.

यावर नुसती हळहळ व्यक्त करायची नाही, म्हणून थोडे आकडे. केंद्राच्या ब्युरो ऑफ पोलीस रिसर्च अँड डेव्हलपमेंटसाठी हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने २०१४ साली देशभरातल्या पोलीस ठाण्यांचा अभ्यास केला. सुमारे ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करत होते. दोन तृतीयांशांहून अधिक ठाणेप्रमुखांनी सांगितलं की त्यांची माणसं अकरा तास किंवा त्याहून जास्त राबतात, आणि चौथ्या हिश्शाहून अधिक ठाणेप्रमुखांनी सांगितलं की चौदा तासांच्याही पुढे. माणसांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असं सांगणारे ठाणेप्रमुख ७० टक्क्यांच्या वर होते. आठ तासांच्या पाळ्या लावायच्या तर ठाण्यांचं मनुष्यबळ साधारण १.६८ पट करावं लागेल, असा हिशेबही त्या अहवालाने मांडला. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, ‘कॉमन कॉज’ आणि लोकनीती यांच्या पाहणीत कामाचा सरासरी दिवस चौदा तासांचाच निघाला. अहवाल निघाले, पण दिवस काही लहान झाला नाही.

आता हाच वेळ घरात कसा शिरतो ते सांगते.

पोलीस लाइन ही व्यवस्था मुळात कल्याणासाठी जन्मलीच नाही. शिट्टी वाजली की माणसं हाताशी असावीत, म्हणून ठाण्याजवळ खोल्या. घर मिळालं ते ड्यूटीसाठी. मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला चाळी बांधल्या. त्यांतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत कित्येक पोलीस कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. शौचालय मजल्याच्या टोकाला, सामाईक. एका कोपऱ्यात रात्रपाळीहून आलेला माणूस तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेला आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुकरची शिट्टी दाबून धरणारी त्याची बायको. आता त्यांतल्या बऱ्याच चाळींचा पुनर्विकास होतो आहे, १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर येतं आहे, आणि तिथे राहणाऱ्या पोलिसांना ते १५ लाख रुपयांत मालकीने देण्याचा निर्णय २०२२ साली झाला. चांगली गोष्ट आहे. पोलीस गृहनिर्माणासाठी राज्याचं स्वतंत्र महामंडळही १९७४ पासून आहे. तरी लाइनीतल्या प्रत्येक घरात एक भीती असतेच. निवृत्तीची तारीख ही खोली सोडायची तारीख असते. पस्तीस वर्षं चोवीस तास दिले त्याबद्दल जे छप्पर मिळालं, ते वेळ देणं थांबलं की काही महिन्यांत जातं. माणूस नोकरीत असताना गेला तर त्याच्या बायकोला दुःखाआधी दोन प्रश्न पडतात: अनुकंपावर मुलाला कधी घेतील, आणि खोली कधी सोडावी लागेल?

आणि स्वतःचं घर का झालं नसेल? पगाराचं कारण आहेच. पण जमीन बघायला, बँकेत खेटे घालायला, बिल्डरच्या दारात बसायला सवड लागते. आमच्या आईने गावाकडे चार खणांचं घर बांधलं ते एकटीने. गवंड्याशी भांडण तिचं, वाळूच्या ट्रकची वाट बघणं तिचं. वास्तुशांतीला अण्णा दुपारी दोनला आले आणि पाचच्या एसटीने परत गेले.

शरीराचंही तसंच. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत मोठ्या आजारांवर मान्यताप्राप्त रुग्णालयांत रोख न भरता उपचार होतात. तिने अनेक घरं वाचवली आहेत. मुंबईत नागपाड्याला पोलिसांचं स्वतःचं रुग्णालय आहे. पण योजना उपयोगी पडते ती आजार मोठा झाल्यावर. रक्तदाब, साखर, पाठीचं दुखणं, झोप न लागणं ही दुखणी अवेळी खाण्यातून आणि उभं राहण्यातून येतात. त्यांचं औषध म्हणजे वेळेवर जेवण आणि सलग सात तास झोप. ते कुठल्याच रुग्णालयात मिळत नाही, हजेरीच्या वहीत मात्र मिळू शकतं.

बाईच्या वाट्याला हे दुप्पट येतं. महाराष्ट्राने पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखल्या आणि लाइनीतल्या, खेड्यातल्या मुली हिमतीने दलात आल्या. बंदोबस्ताच्या ठिकाणी बारा तास उभं राहायचं आणि जवळपास शौचालय नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही, हे त्यांच्यातली कुणीही तुम्हाला सांगेल. घरी तान्हं मूल, आणि वायरलेसवर ‘सुट्ट्या बंद’. महिला पोलिसांना आठ तासांची ड्यूटी द्यावी असे आदेश २०२१-२२ मध्ये निघाले, आधी काही ठिकाणी प्रयोग म्हणून. हेतू अत्यंत चांगला. पण माणसं तेवढीच असतील तर तिचे वाचलेले चार तास शेजारच्या पुरुष शिपायाच्या अंगावर पडतात. मग ठाण्यात कुजबूज सुरू होते आणि तिला ते चार तास घेतानाही ओशाळं वाटू लागतं.

इथे सभागृहात कुणाच्या तरी मनात प्रश्न आला असेल. ‘बाई, हे सगळं ठीक. पण पोलीस ठाण्यात आमची तक्रार घेत नाहीत, पैसे मागतात, कोठडीत मारतात, त्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून हे व्याख्यान पुढे नेलं तर गुरुजींना आवडणार नाही. सोळा तास उभा होता म्हणून कुणाच्या थोबाडीत मारायचा अधिकार कुणाला मिळत नाही. थकवा हा गुन्ह्याचा बचाव होऊ शकत नाही आणि कोठडीतल्या मृत्यूला तर कसलंच स्पष्टीकरण नको. पण उलट बाजूनेही विचार करा. एसटीच्या चालकाने सलग सोळा तास गाडी चालवली तर आपण त्या गाडीत बसू का? मग ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे, ज्याला अटक करायचा अधिकार आहे, अशा माणसाला आपण झोपेविना चौकात कसं उभं करतो? त्याची झोप हा त्याच्यावर केलेला उपकार समजू नका. ती आपल्याच सुरक्षेची पहिली अट आहे.

मग पोलीस हे सगळं स्वतः का सांगत नाहीत? इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण तो आपल्याच मुंबईत घडला आहे.

१९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या आणि वृत्तपत्रांशी बोलण्याच्या हक्कावर मर्यादा घातल्या. तरीही महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची मान्यताप्राप्त संघटना होती. ऑगस्ट १९८२ मध्ये तिच्या मागण्यांचा प्रश्न चिघळला. स्वातंत्र्यदिनी शिपायांनी काळ्या फिती लावल्या. सरकारने संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली आणि १८ ऑगस्टला मुंबईचे पोलीस रस्त्यावर उतरले. गिरणी संप तेव्हा सात महिने चालू होता. वरळी-नायगावच्या पोलीस चाळी आणि गिरणगाव एकमेकांना लागूनच, तेव्हा गिरणी कामगारही त्यात उतरले. जाळपोळ, लुटालूट झाली, लष्कर बोलवावं लागलं. पुढे अनेकांना बडतर्फ केलं. मी तेव्हा सतरा वर्षांची. अण्णांनी रेडिओवर बातमी ऐकली, उठून तो बंद केला आणि बूट पुसायला घेतले. त्या दिवशी त्यांनी बूट दोनदा पुसले. त्या विषयावर ते पुढे कधीही बोलले नाहीत.

पोलिसांनी शहर वाऱ्यावर सोडलं, हे चूकच होतं. शस्त्रधारी दलाला संपाचा हक्क असू नये, हेही मला मान्य आहे. पण अशाच प्रसंगी इंग्लंडने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी संप केला, १९१९ मध्ये लिव्हरपूलसह पुन्हा झाला. या दुसऱ्या संपातल्या संपकऱ्यांना नोकरीवरून काढलं, परत घेतलं नाही. कायद्याने पोलिसांच्या कामगार संघटनेवर बंदी घातली. इथवर गोष्ट आपल्यासारखीच. पण त्याच १९१९ च्या कायद्याने पोलीस फेडरेशन नावाची अधिकृत प्रतिनिधी संस्था उभी केली आणि डेस्बरो समितीच्या शिफारशींवरून पगार भरीव वाढवले. संपाचं दार बंद करताना त्यांनी ऐकण्याची एक खिडकी उघडली. आपण दार बंद केलं आणि खिडकी काढायची राहूनच गेली.

आपल्या दलात ‘दरबार’ भरतो. वरिष्ठ अधिकारी शिपायांच्या अडचणी ऐकतात. काही अधिकारी खरोखर मनापासून ऐकतात, याची मी साक्षीदार आहे. पण दरबारात मागणारा माणूस सावधानमध्ये उभा असतो आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो कधी कधी समोरच बसलेला असतो. म्हणून पोलिसाच्या वतीने त्याचं घर बोलतं. २०१६ साली मुंबईत वाहतूक पोलीस विलास शिंदे यांचा ड्यूटीवर झालेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या बायका पुढे येऊन बोलल्या. नवऱ्याला बोलायला बंदी, म्हणून बायकोने बोलायचं, ही काही दुसऱ्यांची तक्रार ऐकून घेणाऱ्या खात्याला शोभणारी रीत नाही.

आणि खालच्या माणसाला विचारलं तर काय होतं, याचं उदाहरण त्याच वर्षीचं आहे. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या तीन पाळ्या कशा बसवता येतील याचा आराखडा तयार केला. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो वाचला, त्याला बोलावलं आणि मे २०१६ मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू केला. पुढे तो शहरभर नेला. नव्या भरतीची वाट न बघता आहे त्याच माणसांची मांडणी बदलून हे जमवलं होतं. कोविडमध्ये वेळापत्रक विस्कटलं, अडचणी आल्या, सगळीकडे तो सारखा टिकला नाही. पण ‘आठ तास अशक्य आहेत’ हे वाक्य त्या शिपायाने कायमचं खोटं पाडलं. वर्षानुवर्षं तज्ज्ञांना न सुटलेलं कोडं त्याला सुटलं, कारण हजेरीची वही रोज त्याच्या डोळ्यांसमोर होती.

आता मागण्या. माझ्या चारच आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

पहिली, तासांची नोंद. ठाण्यात चोरलेल्या सायकलीचीही नोंद होते. तशी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या आठवड्याच्या तासांची बेरीज व्हावी आणि ती जिल्ह्याच्या वरिष्ठांपुढे गुन्ह्यांच्या आकड्यांबरोबर ठेवली जावी. जे मोजलं जात नाही ते कुणालाच दिसत नाही.

दुसरी, सुट्टीला किंमत. २०२२ मध्ये राज्याने शिपायापासून निरीक्षकापर्यंत किरकोळ रजा बारावरून वीस केल्या. पण रजा खात्यावर असणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. साप्ताहिक सुट्टी रद्द करायची तर कारण लेखी असावं आणि त्याच कागदावर बदली सुट्टीची तारीख असावी.

तिसरी, ती खिडकी. १९६६ चा कायदा परवानगीशिवाय संघटनेला मनाई करतो, म्हणजे परवानगीची वाट त्यातच आहे. केरळात पोलिसांची संघटना आहे आणि तिच्या निवडणुका होतात, म्हणून तिथलं दल काही कोसळलेलं नाही. संपाचा हक्क नको, पण जिल्ह्याजिल्ह्यात शिपायांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत, त्यांत महिला असाव्यात आणि लाइनीतल्या कुटुंबांनाही एक खुर्ची असावी.

चौथी मागणी सरकारकडे नाही, ती तुमच्या-माझ्याकडे आहे. बंदोबस्त आकाशातून पडत नाही, तो आपण मागवतो. मिरवणूक रात्री बारापर्यंत लांबवणारं मंडळ आपलं, जिल्ह्यात तासाभरासाठी येणारा आणि चारशे माणसं रस्त्यावर उभी करणारा पुढारी आपणच निवडलेला. प्रत्येक कार्यक्रमाला परवानगी देताना त्यासाठी किती पोलिसांचे किती तास जाणार, हा आकडा फलकावर लावा. वर्गणीच्या पावतीवर छापा, म्हणा हवं तर. आपल्या गुलालाची किंमत कुणाच्या घरच्या कालनिर्णयावर मांडली जाते, ते तरी कळेल.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली त्या दिवशी लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला दहा जवान पडले. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांना आपण विसरलो नाही. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात गेलेल्या पंधरा जवानांना विसरू नये. स्मृतिदिनी मानवंदना द्यावी, मस्तक झुकवावं. मात्र एक ध्यानात घ्यावं. शेवटच्या क्षणाला आपण सलाम करतो, त्याआधीच्या हजारो साध्या दिवसांचा हिशेब कुणी मागत नाही. ओंबळ्यांची ती रात्रही ड्यूटीचीच एक रात्र होती.

अण्णा निवृत्त झाले त्या वर्षीचा गणपती ही आमच्या घरातली पहिली खरी लाल तारीख. आईने कालनिर्णयावर त्या चौकोनात काहीच लिहिलं नाही. सकाळच्या आरतीला त्यांना कुठल्या आरतीनंतर कुठली येते ते ठाऊक नव्हतं, ते आमच्या तोंडाकडे बघत टाळ्या वाजवत होते. विसर्जनाला गल्लीची मिरवणूक निघाली. धोतर, सदरा, कपाळाला गुलाल, असे ते आयुष्यात प्रथमच मिरवणुकीत चालले. चौकात गर्दी दाटली तशी मी त्यांना शोधू लागले. मंडपाच्या कडेला ते उभे दिसले. पाय किंचित फाकलेले, हात मागे बांधलेले, नजर गर्दीवर. गणपतीकडे त्यांची पाठ होती. मी जाऊन म्हटलं, ‘अण्णा, इकडे बघा ना, बाप्पा चालले.’ ते दचकले. वळले. आणि इतक्या वर्षांत गणपती समोरून कसा दिसतो ते त्यांनी बघून घेतलं.